फायर पॉलिसी आहे, पण प्रदूषणाचं काय?



समजा, तुमचं प्लेटिंगचं छोटं युनिट आहे. ॲसिडचा ड्रम फुटला आणि ॲसिड शेजारच्या शेतात गेलं. फायर पॉलिसी तुमच्या मालमत्तेसाठी असते. शेतकऱ्याची भरपाई मग तुमच्या खिशातून!

१९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर १९९१ मध्ये पब्लिक लायबिलिटी इन्शुरन्स कायदा आला. सरकारने ठरवलेल्या प्रमाणाइतकं किंवा जास्त घातक रसायन हाताळणाऱ्यांना हा विमा सक्तीचा आहे. अपघात झाला, तर चूक कुणाची हे सिद्ध न करताही बाहेरच्या पीडितांना मदत मिळते. कामगारांसाठी मात्र वेगळा विमा लागतो.

तुमचा साठा कमी आहे? मग सक्ती नाही, पण जबाबदारी सुटत नाही. म्हणून पॉलिसी घेताना तीन गोष्टी विचारा:

१. अचानक झालेली गळती कव्हर होते का?
२. हळूहळू झिरपून झालेलं नुकसान? (बऱ्याचदा वगळलेलं असतं.)
३. माती-पाणी साफ करण्याचा खर्च?

उत्तरं तोंडी नकोत, पॉलिसीत लिहिलेली दाखवा म्हणा. आणि मुद्दाम नाल्यात सांडपाणी सोडलंत, तर विम्याचा आधार धरू नका!