मोठ्या कॉन्सर्टचे तिकीट : विक्रीची रीत, काळाबाजार आणि खबरदारी

जगभर गाजलेल्या बँडच्या दौऱ्याचे तिकीट मिळणे हा मुख्यतः आकड्यांचा प्रश्न आहे. हौस, चपळाई आणि इंटरनेटचा वेग या गोष्टी त्यानंतर येतात. भारतातील सर्वांत ठळक उदाहरण कोल्डप्ले या ब्रिटिश बँडच्या ‘म्युझिक ऑफ द स्फिअर्स’ दौऱ्याचे. नवी मुंबईतील डी. वाय. पाटील स्टेडियमवर १८ आणि १९ जानेवारी २०२५ रोजी कार्यक्रम ठरले आणि २२ सप्टेंबर २०२४ रोजी दुपारी बारा वाजता तिकीटविक्री सुरू झाली. त्यापूर्वी हा बँड मुंबईत वाजला होता तो १९ नोव्हेंबर २०१६ रोजी, वांद्रे-कुर्ला संकुलातील ग्लोबल सिटिझन महोत्सवात. म्हणजे आठ वर्षांची मागणी एका दुपारी तुंबलेली होती. त्याच दिवशी २१ जानेवारीचा तिसरा कार्यक्रम वाढवण्यात आला.

स्टेडियमची क्षमता सुमारे ५५ हजार. तिन्ही दिवस मिळून पावणेदोन लाखांच्या आतबाहेर तिकिटे धरली आणि विक्रीच्या दिवशी लॉगइन करणाऱ्यांचा जो १.३ कोटींहून अधिक असा आकडा प्रसिद्ध झाला तो लक्षात घेतला, तर दर शंभर माणसांमागे एखाद-दीड तिकीट येते. एकाला चार तिकिटे घेता येत असतील, तर यशस्वी माणसे त्याहूनही कमी. तिकीट न मिळालेल्याला ‘तू आधीच बसायला हवं होतंस’ असे ऐकवणाऱ्यांनी हा भागाकार एकदा करून पाहावा.

विक्री कशी चालते

विक्रीच्या ठरलेल्या वेळेआधी संकेतस्थळावर ‘वेटिंग रूम’ उघडते. विक्री सुरू होण्याच्या क्षणी तेथे हजर असलेल्या सर्वांना संगणक बहुधा सोडतीने क्रमांक देतो. पहाटेपासून पान उघडून बसलेला आणि बाराला दोन मिनिटे कमी असताना आलेला, दोघांची संधी सारखीच. सुरू झाल्यानंतर येणारे मात्र शेवटी जोडले जातात. त्यामुळे वेळेआधी अर्धा तास हजर असणे पुरेसे आहे. रजा टाकून सकाळपासून बसण्याने काही साधत नाही. ही गोष्ट विक्रेते जाहिरातीत ठळकपणे सांगत नाहीत, कारण ताटकळलेली गर्दी हीदेखील जाहिरातच असते.

पडद्यावर ‘तुमच्या पुढे इतके जण’ असा आकडा दिसू लागला की त्याला सरासरी दोनने गुणावे. पुढे पाच लाख माणसे असतील आणि प्रत्येकाने दोन तिकिटे घ्यायचे ठरवले, तर दहा लाख तिकिटे लागतील. एवढी तिकिटे कोणत्याही स्टेडियमकडे नसतात. क्रमांक काही हजारांत असेल तर पान सोडू नये. काही लाखांत असेल तर जेवून घ्यावे आणि पुढच्या टप्प्याची वाट पाहावी.

क्रमांक लागल्यावर उघडणाऱ्या पानावर निर्णयाला फार थोडा वेळ असतो. कोल्डप्लेच्या मुंबईतील कार्यक्रमांसाठी दर २,५०० रुपयांपासून ३५,००० रुपयांपर्यंत होते. एवढ्या मोठ्या पट्ट्यात कोणते तिकीट परवडते हे घरातल्यांशी आधीच ठरलेले असावे. पहिली, दुसरी, तिसरी पसंती कागदावर लिहून ठेवावी. दर पाहून ‘जरा विचारून सांगतो’ म्हणणाऱ्या भावंडाला गटात घेऊ नये. एखादा विभाग ‘सोल्ड आउट’ दिसला तरी काही मिनिटांनी पुन्हा पाहावा. ज्यांचे पैसे भरणे फसते, त्यांच्या अडवलेल्या जागा थोड्याथोड्याने मोकळ्या होत राहतात.

पैसे भरण्याचा टप्पा

सर्वाधिक मनस्ताप याच टप्प्यावर होतो. प्रस्तुत लेखिकेला अशाच एका विक्रीत क्रमांक मिळाला, विभाग निवडता आला, यूपीआयवरून पैसेही खात्यातून गेले. त्यानंतर पडद्यावर गोल चक्र फिरत राहिले आणि अखेर ‘तुमचे सत्र संपले आहे’ असा संदेश उमटला. बँकेच्या एसएमएसमध्ये रक्कम वजा, तिकिटाच्या खात्यात शून्य. ग्राहक सेवेला पाठवलेल्या प्रत्येक ईमेलला त्याच मजकुराचे उत्तर आले. त्यात ‘आपल्या संयमाबद्दल आभारी आहोत’ हे वाक्य दर वेळी होते. तिकिटाचे काय झाले, हे एकदाही नव्हते. व्यवहाराचा क्रमांक, वेळ आणि पडद्याचा फोटो सोबत जोडलेला असूनही ‘कृपया व्यवहाराचा क्रमांक कळवा’ अशी विचारणा झाली. विक्रेत्याच्या यंत्रणेत बिघाड झाला, याची कबुली कोणत्याही पत्रात नाही. पैसे परत आले, जागा मात्र दुसऱ्या कुणाला विकली गेली होती.

अशा प्रसंगी एक नियम ठाऊक असणे उपयोगी पडते. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, यूपीआयने व्यापाऱ्याला पैसे देताना खात्यातून रक्कम गेली पण व्यापाऱ्याकडे पुष्टी पोहोचली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत रक्कम आपोआप परत यायला हवी. त्याहून उशीर झाल्यास दर दिवशी १०० रुपये भरपाई मिळायला हवी. म्हणून तक्रार विक्रेत्यापुरती न ठेवता बँकेकडेही त्याच दिवशी नोंदवावी. त्या पत्रात परिपत्रकाचा उल्लेख केला की उत्तराचा सूर बदलतो.

पैसे भरण्याची दोन साधने तयार असावीत. यूपीआयवर बँकेची दिवसाची मर्यादा किती आहे, कार्डावर ऑनलाइन व्यवहार चालू आहेत का, ओटीपी येणारा मोबाइल जवळ आहे का, हे आदल्या दिवशी पाहावे. नाव, पत्ता, पिनकोड खात्यात आधीच भरून ठेवावा. दाखवलेल्या दरावर सुविधा शुल्क चढते, ते हिशेबात धरावे. एकाच खात्याने चार ठिकाणी लॉगइन करणे अंगाशी येऊ शकते. यंत्रणा अशा खात्याला बाहेर काढते. घरातील दोघांनी वेगवेगळ्या खात्यांतून प्रयत्न करण्याला मात्र हरकत नसते.

दुसरा बाजार

अधिकृत विक्री संपते न संपते तोच पुनर्विक्रीच्या संकेतस्थळांवर तीच तिकिटे अनेक पट दराने झळकू लागतात. कोल्डप्लेच्या वेळी काही हजारांच्या तिकिटासाठी लाखांच्या घरातील दर दिसले. यातील सर्वच तिकिटे अस्तित्वात असतात असे नाही. विकणाऱ्याकडे तिकीट नसतानाही जागा ‘विक्रीला’ लावली जाते. आधी गिऱ्हाईक मिळवायचे आणि मग तिकीट शोधायचे, न मिळाल्यास पैसे परत करण्याचे आश्वासन द्यायचे, असा हा धंदा आहे. अधिकृत विक्रेत्याने अशी तिकिटे ग्राह्य धरली जाणार नाहीत असे जाहीर केले, पण तोपर्यंत अनेकांचे पैसे अडकले होते.

दुसरा मार्ग इन्स्टाग्राम, टेलिग्राम आणि व्हॉट्सॲपचा. ऑक्टोबर २०२४ मध्ये अंमलबजावणी संचालनालयाने कोल्डप्ले आणि दिलजीत दोसांझ यांच्या कार्यक्रमांच्या तिकिटांच्या काळ्या बाजाराप्रकरणी मुंबई, दिल्ली, बंगळुरू, जयपूर आणि चंडीगड येथे छापे घातले. त्यातही बनावट तिकिटांसाठी याच माध्यमांचा वापर झाल्याचे सांगण्यात आले.

तोतया विक्रेत्याची रीत ठरलेली असते. तो आधी सहानुभूती दाखवतो : मित्र येत नाही, लग्न निघाले, ऑफिसने बाहेरगावी पाठवले. दर बाजारापेक्षा थोडा कमी सांगतो. मागितल्याबरोबर तिकिटाचा स्क्रीनशॉट आणि कुणाच्या तरी आधार कार्डाचा फोटो पाठवतो. मग निम्मी रक्कम आगाऊ मागतो आणि ‘आणखी दोघं विचारतायत’ असे सांगून घाई करतो. प्रस्तुत लेखिकेला अशाच एकाने मैदानातील विभागाच्या तिकिटाचे चित्र पाठवले. हा विभाग उभ्याने पाहण्याचा असतो. तेथे खुर्च्याच नसतात. तरीही चित्रावर रांग ‘एच’ आणि आसन क्रमांक २४ छापलेला होता. खुर्ची नसलेल्या ठिकाणचा आसन क्रमांक कसा आला, असे विचारल्यावर ‘मॅडम, वो सिस्टम से आता है’ असे उत्तर आले. बुकिंगचे पान उघडून स्क्रोल करतानाचा व्हिडिओ मागितला, तेव्हा त्याने ‘ट्रस्ट नहीं है तो टाइम वेस्ट मत करो’ असे सुनावले आणि नंबर ब्लॉक केला. विश्वासाची अपेक्षा करणाऱ्यानेच आधी पळ काढावा, हे या धंद्याला साजेसेच आहे. त्याच सायंकाळी तेच चित्र, तोच आसन क्रमांक दुसऱ्या गटात दुसऱ्या नावाने फिरत होता.

यावरून पडताळणीच्या काही खुणा निघतात. विभागाचा प्रकार आणि तिकिटावरील तपशील जुळतो का ते पाहावे. स्क्रीनशॉट हा पुरावा मानू नये. एकच चित्र पन्नास जणांना विकता येते. आधार कार्डाचा फोटो म्हणजे ओळख नव्हे, तो बहुधा आधीच्या फसवलेल्या माणसाचा असतो. पैसे ज्या यूपीआय खात्यात मागितले जातात त्यावरील नाव आणि ओळखपत्रावरील नाव वेगळे असेल तर बोलणे तेथेच थांबवावे. ओळखीच्या माणसाच्या ओळखीचा, एवढ्यावर विसंबू नये.

कायदा कुठे थांबतो

तिकिटाची चढ्या दराने पुनर्विक्री रोखणारा स्वतंत्र केंद्रीय कायदा भारतात नाही. या प्रश्नावर मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली होती; नियम करणे हे विधिमंडळाचे आणि शासनाचे काम आहे, असे सांगत न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये ती फेटाळली. खोटे तिकीट विकणे हा मात्र भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीचा गुन्हा ठरतो.

इतरत्रही चित्र फारसे सुखाचे नाही. अमेरिकेत टेलर स्विफ्टच्या ‘इराज टूर’ची पूर्वविक्री १५ नोव्हेंबर २०२२ रोजी कोलमडली आणि सर्वांसाठीची विक्रीच रद्द करावी लागली. जानेवारी २०२३ मध्ये तो विषय तेथील सिनेटच्या समितीपुढे गेला. बॉटच्या साहाय्याने तिकिटे उचलण्यावर बंदी घालणारा कायदा अमेरिकेत २०१६ पासून होता, तरी हे घडले. आयर्लंडने २०२१ मध्ये मोठ्या कार्यक्रमांचे तिकीट छापील किमतीपेक्षा अधिक दराने विकण्यास मनाई केली. तिकिटावर खरेदीदाराचे नाव छापणे आणि प्रवेशद्वारावर ओळखपत्र पाहणे हा साधा उपाय आहे. रेल्वेच्या आरक्षित डब्यात तो रोज चालतो; लाखोंची उलाढाल करणाऱ्या आयोजकांना मात्र तो अवघड वाटतो.

पहिल्या दिवसानंतर

पहिल्या विक्रीत तिकीट न मिळणे म्हणजे संधी संपणे नव्हे. दलालाचा धंदा नेमका या गैरसमजावर चालतो. मंच आणि ध्वनियंत्रणेसाठी अडवून ठेवलेल्या जागा रचना नक्की झाल्यावर मोकळ्या होतात आणि विक्रीला येतात. नवे कार्यक्रमही जाहीर होतात : कोल्डप्लेने अहमदाबादच्या नरेंद्र मोदी स्टेडियमवर २५ आणि २६ जानेवारीचे कार्यक्रम जोडले, त्यांची विक्री १६ नोव्हेंबरला झाली आणि तेथे एकेका दिवशी लाखाहून अधिक प्रेक्षक मावले. हा बँड ‘इन्फिनिटी तिकिटे’ही काढतो. मुंबईसाठी त्यांचा दर २,००० रुपये होता. ती जोडीने घ्यावी लागत आणि जागा कोणती हे तिकीट हाती पडल्यावरच कळे. ज्यांनी सप्टेंबरमध्ये दलालाला लाख मोजले, त्यांच्या शेजारी दोन हजारांत आलेली माणसे बसलेली असू शकत होती. अहमदाबादचा अखेरचा कार्यक्रम तर ओटीटीवरून थेट दाखवला गेला.

म्हणून बँडच्या आणि अधिकृत विक्रेत्याच्या सूचना चालू ठेवाव्यात आणि कार्यक्रमाच्या आदल्या आठवड्यापर्यंत दुसऱ्या बाजारात पैसे घालू नयेत. तिकीट हाती येण्याआधी हॉटेल आणि विमानाचे परत न मिळणारे आरक्षण करू नये. नेरुळच्या स्टेडियमसाठी हार्बर मार्गाची लोकल सर्वांत सोयीची. परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ पाहून ठेवावी. संयम बाळगावा, असेही सर्वजण सांगतात.

तक्रार कुठे करावी

फसवणूक झाल्यास पहिल्या तासाभरात १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर फोन करावा. रक्कम पुढे वळण्याआधी गोठवली जाण्याची शक्यता तेव्हाच अधिक असते. विक्रेत्याच्या सेवेविषयीची तक्रार १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवता येते, आणि तेवढ्याने भागले नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. रांगेतील क्रमांक, पैसे गेल्याचा एसएमएस, संपलेल्या सत्राचा संदेश आणि विक्रेत्याची सर्व उत्तरे तारीखवार जपून ठेवावीत. फोनवर दिलेल्या आश्वासनाला किंमत नसते. जे बोलणे झाले ते त्याच दिवशी ईमेलने लिहून पाठवावे. तिकीट मिळूनही जाता येत नसेल, तर विक्रेत्याने तिकीट हस्तांतराची अधिकृत सोय दिली असल्यास ती वापरावी. नसल्यास प्रत्यक्ष ओळखीच्या माणसाला छापील दराने द्यावे, आणि त्याचा फोटो कुठेही टाकू नये. अशाच फोटोंतून पुढची बनावट तिकिटे तयार होतात.