धूम्रपान-त्यागाची पहिली पायरी : ई-सिगारेट की पादांशिक क्रम?

विषयप्रवेश



खटाव तालुक्यातील बरीच तरुण मंडळी गलाई व्यवसाय, सैन्यदल आणि मुंबई-पुण्यातील नोकऱ्या यांनिमित्त बाहेरगावी असतात. सणवार व यात्रेच्या निमित्ताने ती गावी येतात, तेव्हा त्यांच्यासोबत नवी व्यसने व नवी साधनेही येतात. वडूजसारख्या तालुक्याच्या गावी व्यवसाय करणाऱ्या वैद्यासही आता हा प्रश्न विचारला जातो : ‘‘डॉक्टर, सिगारेट सोडायची आहे. आधी ती बॅटरीवर चालणारी सिगारेट सुरू करू का?’’ औषधी दुकानदार बंधूंनाही हीच विचारणा होते आणि कधी एखादा विक्रेता ‘हर्बल’ या नावाखाली असे साधन दुकानात ठेवण्याचा आग्रहही धरतो.

प्रश्न विचारणाऱ्याचा हेतू चांगला असतो. त्याला सोडायचे आहे. अशा वेळी नुसते ‘नको’ म्हणून भागत नाही. कारण सांगावे लागते आणि दुसरा मार्गही द्यावा लागतो. या दोन्ही गोष्टींचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ई-सिगारेट म्हणजे काय?

हे साधन आजच्या स्वरूपात प्रथम चीनमधील होन लिक या औषधनिर्मात्याने 2003 च्या सुमारास तयार केले. त्यात बॅटरी, तापणारी तार व द्रवाची कुपी असे तीन मुख्य भाग असतात. द्रवामध्ये प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, सुगंधी द्रव्ये आणि बहुधा निकोटिन असते. ओढणाऱ्याने श्वास घेताच तार तापते व द्रवाचे सूक्ष्म तुषार बनून फुप्फुसात जातात.

यात तंबाखू जळत नाही. त्यामुळे सिगारेटच्या धुरातील डांबर व कार्बन मोनॉक्साइड यांचा मारा टळतो, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. तथापि ते तुषार म्हणजे शुद्ध वाफ नव्हे. त्यात अतिसूक्ष्म कण असतात, तारेतील धातूंचे अंश येऊ शकतात आणि द्रव अतितप्त झाल्यास फॉर्माल्डिहाइडसारखी घातक द्रव्ये तयार होतात. अमेरिकेत 2019 साली अशा साधनांमुळे फुप्फुसविकाराची साथ आली. फेब्रुवारी 2020 पर्यंत तेथे 2,807 रुग्ण व 68 मृत्यू नोंदले गेले. त्यांपैकी बहुतेकांनी गांजातील अर्क असलेला द्रव वापरला होता व त्यात मिसळलेले व्हिटॅमिन ई ॲसिटेट हे मुख्य कारण ठरले. म्हणजेच कुपीत नेमके काय भरले आहे, हे ओढणाऱ्यास कळण्याचा मार्ग नाही.

पाश्चात्त्य अनुभव काय सांगतो?

इंग्लंडमध्ये या साधनाचा उपयोग धूम्रपान सोडविण्यासाठी केला जातो. 2023 साली तेथील शासनाने दहा लाख धूम्रपान करणाऱ्यांना असे संच देण्याची योजनाही जाहीर केली. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या तेथील एका मोठ्या अभ्यासात 886 व्यक्ती होत्या. एक वर्षानंतर ई-सिगारेट गटातील 18 टक्के व्यक्ती सिगारेटपासून दूर होत्या. निकोटिनचे च्युइंगगम, पट्टी इत्यादी वापरणाऱ्या गटात हे प्रमाण 9.9 टक्के होते.

हा आकडा दडवून आपण वाद जिंकू नये. परंतु याच अभ्यासातील पुढचा आकडाही वाचला पाहिजे. ज्यांची सिगारेट सुटली, त्यांपैकी ई-सिगारेट गटातील 80 टक्के व्यक्ती वर्षानंतरही ई-सिगारेट ओढतच होत्या. दुसऱ्या गटात मात्र केवळ 9 टक्के व्यक्ती गम किंवा पट्टी वापरत होत्या. सिगारेट सुटली, निकोटिन सुटले नाही. पहिली पायरी म्हणून जी घेतली, तिच्यावरच मनुष्य थांबून राहिला. शिवाय हे सर्व तेथील समुपदेशकांच्या देखरेखीखाली, नियंत्रित दर्जाच्या द्रवाने घडले. आपल्याकडे चोरट्या मार्गाने येणाऱ्या साधनाला यांपैकी काहीच लागू होत नाही.

कायद्याची बाजू

औषधी दुकानदारांनी हा भाग विशेष लक्षात ठेवावा. केंद्र शासनाने 18 सप्टेंबर 2019 रोजी अध्यादेश काढून व त्याच वर्षी अधिनियम करून ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठवणूक व जाहिरात यांवर बंदी घातली आहे. विक्री इत्यादींसाठी पहिल्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कारावास अथवा एक लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही, आणि पुढील गुन्ह्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व पाच लाखांपर्यंत दंड आहे. केवळ साठा केल्यासही सहा महिन्यांपर्यंत कारावास अथवा पन्नास हजारांपर्यंत दंड अथवा दोन्ही होऊ शकते.

या अधिनियमातील व्याख्या व्यापक आहे. पदार्थ तापवून ओढण्याजोगे तुषार तयार करणारे साधन, मग त्यात निकोटिन असो वा नसो, बंदीखाली येते. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, 1940 खाली परवाना असलेले उत्पादन तेवढे वगळले आहे. म्हणून ‘यात निकोटिन नाही, तुळस आहे’ हे विक्रेत्याचे म्हणणे संरक्षण देत नाही. अधिकृत परवाना पाहिल्यावाचून असे कोणतेही साधन दुकानात ठेवू नये.

‘शास्त्रात धूमपान आहेच’ हा युक्तिवाद

असे ‘हर्बल’ साधन विकताना चरकसंहितेचा दाखला दिला जातो. सूत्रस्थानातील मात्राशितीय अध्यायात धूमपानविधी आहे, हे खरे. पण तो विधी पूर्ण वाचावा. तेथे प्रायोगिक, स्नैहिक व वैरेचनिक असे भेद, धूमपानाचे आठ काळ आणि दिवसातील कमाल वेळा सांगितल्या आहेत : प्रायोगिक दोनदा, स्नैहिक एकदा, वैरेचनिक तीन-चार वेळा. नलिकेची लांबी वैरेचनिकासाठी 24, स्नैहिकासाठी 32 व प्रायोगिकासाठी 36 अंगुळे दिली आहे. धूर दुरून व सावकाश यावा, त्याची तीक्ष्णता कमी व्हावी, हा त्यामागील हेतू. कोणास देऊ नये त्यांची यादी व अकाली-अतियोगाचे उपद्रवही तेथेच आहेत.

म्हणजे काळ, मात्रा, अधिकारी व निषेध यांनी बांधलेला तो उपक्रम आहे. मनाला येईल तेव्हा खिशातून काढून ओढणे हा त्याचा अतियोग व मिथ्यायोगच होय. तंबाखूचा तर बृहत्त्रयीत उल्लेखच नाही. ही वनस्पती अमेरिका खंडातून पोर्तुगीजांमार्फत आली. असद बेग याने 1604-05 च्या सुमारास ती विजापुराहून अकबराच्या दरबारी नेली व तेथील हकिमांनी या अपरिचित द्रव्याविषयी शंका घेतली, असा इतिहास आहे. तेव्हा तंबाखूच्या वा तिच्या बदली साधनाच्या समर्थनास संहितांना ओढू नये.

आपला रुग्ण नेमका कोण?

2016-17 च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात 26.6 टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू घेत होते. त्यांपैकी धूम्रपान करणारे अवघे 3.8 टक्के, धूरविरहित तंबाखू घेणारे 24.4 टक्के. आपल्या बाह्यरुग्ण विभागातील चित्र याहून वेगळे नाही. चुना-तंबाखू मळणारा शेतकरी, मिश्री (मशेरी) लावणारी गृहिणी, 2012 पासून राज्यात गुटखाबंदी असूनही पुडी मिळविणारा तरुण, हा आपला खरा रुग्ण. त्याला ई-सिगारेटचा उपयोग शून्य. उलट जो कधी धूर ओढत नव्हता, त्याला धुराची सवय लागण्याचा धोका. म्हणून व्यसनमुक्तीचा उपाय असा हवा की जो विडी, तंबाखू व मिश्री या तिन्हींना लागू पडेल.

पादांशिक क्रम

चरकाचार्यांनी ‘नवेगान्धारणीय’ अध्यायात, सवयीच्या झालेल्या अहितकर गोष्टीचा त्याग क्रमाने करावा व तिच्या जागी हितकर गोष्ट क्रमाने आणावी, असे सांगितले आहे. हा पादांशिक क्रम. प्रत्येक वेळी एक पाद, म्हणजे चौथा हिस्सा, काढावयाचा आणि मधले अंतर एक, दोन, तीन दिवस असे वाढवीत न्यावयाचे. वाग्भटाचार्यांनी पादाचाही पाद, म्हणजे सोळावा हिस्सा, असा अधिक सौम्य पर्याय दिला आहे.

टीकाकारांत अंतराच्या अर्थाविषयी मतभेद आहेत. व्यवहारासाठी रोज 16 विड्या ओढणाऱ्याचा क्रम असा लावता येतो :

दिवस 1 व 2 : 12 विड्या
दिवस 3 ते 5 : 8 विड्या
दिवस 6 ते 9 : 4 विड्या
दिवस 10 पासून : पूर्ण बंद

तंबाखूच्या चिमटी व मिश्रीच्या वेळा मोजूनही हाच क्रम लावता येतो. मात्र दोन सावधगिरी हव्यात. पहिली : संख्या कमी झाली की रुग्ण उरलेली विडी अधिक खोल ओढून निकोटिनची भरपाई करतो. म्हणून दहावा दिवस आधीच ठरवून घरच्यांसमक्ष दिनदर्शिकेवर लिहावा. क्रम महिनोन्महिने लांबू देऊ नये. दुसरी : 2016 साली प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधील 697 व्यक्तींच्या अभ्यासात एकदम सोडणाऱ्यांपैकी 49 टक्के व दोन आठवड्यांत हळूहळू सोडणाऱ्यांपैकी 39.2 टक्के चार आठवड्यांनंतर व्यसनमुक्त होते. तेव्हा जो आजच सोडावयास सिद्ध आहे, त्याला शास्त्राच्या नावाने क्रमात अडकवू नये. ज्याचे धैर्य होत नाही, त्याच्यासाठी क्रम आहे.

रिकाम्या पादाची भरती

पादांशिक क्रमात काढणे जितके महत्त्वाचे तितकेच भरणे. ई-सिगारेट येथेच चुकते. ती तेच द्रव्य, त्याच मार्गाने, हाताच्या त्याच सवयीने परत देते. भरती हितकर असावी, हा नियम ती पाळत नाही.

1. मुखात धारण करण्यास लवंग, वेलदोडा, बडीशेप द्यावी. चरकोक्त मुखधारण-द्रव्यांत पूग आहे; परंतु सुपारी कर्करोगजनक असल्याचे आज सिद्ध आहे, म्हणून ती वर्ज्य करावी. ज्येष्ठमध दीर्घकाळ देताना रक्तदाब पाहावा, कारण तो वाढू शकतो.

2. पहिले दोन-तीन दिवस तलफ, चिडचिड, निद्रानाश तीव्र असतात व दोन ते चार आठवड्यांत ओसरतात, हे रुग्णास आधी सांगावे. ही वातप्रकोपाची लक्षणे समजून पादाभ्यंग, शिरोभ्यंग, कोमट दूध, वेळेवर स्निग्ध आहार योजावा. मलावष्टंभासाठी रात्री त्रिफळा द्यावा.

3. तलफ काही मिनिटांची असते. तेवढा वेळ पाणी पिणे, चालणे, दीर्घ श्वसन यांत घालवावा. चहाची टपरी व विडीचा सोबती काही दिवस टाळावा.

4. तीव्र व्यसनी, विशेषतः उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली विडी ओढणारा, यास निकोटिन गमची जोड देण्यास संकोच करू नये. तेही निकोटिनच आहे. पण मात्रा ठरलेली, शोषण सावकाश, परवाना अधिकृत आणि शेवट निश्चित आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2024 च्या मार्गदर्शिकेतही अशा निकोटिन उपचाराची शिफारस आहे. 2 मि.ग्रॅ. गम चिठ्ठीवाचून मिळतो, 4 मि.ग्रॅ. साठी चिठ्ठी लागते. दुकानदाराने वापर समजावून द्यावा : थोडे चावून झणझणताच गालाशी धरून ठेवावा, असे अर्धा तास करावे, आधी पंधरा मिनिटे चहा-कॉफी घेऊ नये. मुखवासासारखा सतत चघळल्यास मळमळ व उचकी लागते, आणि मग रुग्ण गमलाच दोष देतो.

विशेष दक्षता

प्रत्येक तंबाखूसेवी रुग्णाचे तोंड उजेडात पाहावे. पांढरा वा लाल चट्टा, दोन आठवड्यांहून अधिक टिकलेला व्रण किंवा तोंड कमी उघडणे आढळल्यास व्यसनमुक्तीची वाट न पाहता तज्ज्ञाकडे पाठवावे. श्वासाचा रुग्ण थिओफायलिन घेत असेल, तर धूर बंद होताच त्या औषधाचे रक्तातील प्रमाण वाढते. त्याच्या मूळ चिकित्सकास मात्रा तपासण्यास कळवावे.

एखादा रुग्ण आधीच ई-सिगारेट ओढत असल्यास त्याला रागावू नये. अधिनियमाने विक्री व साठवणुकीवर शिक्षा ठेवली आहे, वैयक्तिक सेवनावर नाही. तेव्हा भीती घालून त्याला दडविण्यास लावू नये. ‘हे विडीपेक्षाही वाईट’ असे बोलल्यास तो पुन्हा विडीकडे वळतो व अधिक हानी होते. त्याने दोन्ही एकत्र ओढू नयेत हे पाहावे आणि वरील क्रमानेच तेही सोडवावे. शासनाच्या 1800-11-2356 या निःशुल्क दूरध्वनीवर समुपदेशन मिळते. तो क्रमांक चिठ्ठीवर लिहून द्यावा.

उपसंहार

ई-सिगारेट काही देशांत काहींना सिगारेटपासून दूर नेते, हे खरे. पण आपल्या देशात ती निषिद्ध आहे, बहुतेकांना निकोटिनपाशीच ठेवते आणि आपल्या बहुसंख्य रुग्णांच्या व्यसनाशी तिचा संबंधच नाही. पहिली पायरी आपल्या शास्त्रात आहे, तिला आजच्या अभ्यासाची जोड आहे आणि तिचा खर्चही अल्प आहे. प्रत्येक चिकित्सकाने तंबाखूचा प्रश्न प्रत्येक रुग्णास विचारावा, दिवसांचा तक्ता लिहून द्यावा व दहाव्या दिवशी रुग्णास पुन्हा बोलवावे. औषधी दुकानदारांनी गम देताना दोन मिनिटे द्यावीत. व्यसन सुटण्यास औषधापेक्षा अशा पाठपुराव्याचाच आधार अधिक होतो.