गिरणीचा काटा

मार्गासनी,
2 डिसेंबर

चि. बाळास मामाचा सप्रेम सलाम व आशीर्वाद.

पत्र पोचलं. शिरवळच्या कंपनीत तू एकटाच ख्रिस्ती. कॅन्टीनमध्ये जेवणाआधी डोळे मिटलेस की बाकीचे घास हातात धरून थांबतात आणि तुला अवघडल्यासारखं होतं, असं लिहितोस. अरे, प्रार्थना मनात कर आणि थोडक्यात कर. तुझ्यासाठी कुणाचं ताट निवायला नको. आपल्या डब्यातलं त्यांना वाढ, त्यांनी दिलेलं आवडीने खा. त्यात एवढं विचारण्यासारखं काही नाही.

पत्राच्या शेवटी मात्र तू चार ओळी घाईघाईत लिहिल्या आहेस. स्टोअरला माल कमी आला तरी पूर्ण आल्याची नोंद करून सही करायला सांगतात, सगळेच करतात आणि तूही दोनदा केलीस. मला त्या चार ओळींवर बोलायचं आहे.

माझी एक गोष्ट सांगतो. तुझ्या आईशिवाय आजवर कुणापाशी बोललो नाही.

भाताची गिरणी घेतली त्याची तिसरी सुगी होती. घराच्या डागडुजीला सिमेंट आणलं होतं. एक बंद गोणी सहज काट्यावर ठेवली, तर पन्नासच्या जागी साडेएकावन्न. दुसरी ठेवली, तीही तशीच. आपण भरडाई किलोवर घेतो, म्हणजे येणाऱ्या प्रत्येक पोत्यामागे मी जास्त पैसे घेत होतो. काटा त्याच दिवशी नीट करून आणला, पण झाल्या गोष्टीबद्दल आठ दिवस गप्प बसलो. माणशी रक्कम किरकोळ, मुद्दाम काही केलेलं नाही, कुणाला कळलेलंही नाही, असं मनाशी घोकत राहिलो. त्या रविवारी चेलाडी फाट्यावरून पुण्याची गाडी धरली, उपासनेला गेलो, पण प्रभुभोजनाच्या वेळी बाकावरून उठवेना.

उंबराच्या झाडावर चढलेल्या जक्कयाची गोष्ट तू लहानपणी माझ्याच मांडीवर ऐकलीस. येशूने त्याला हिशेब विचारला नाही, फक्त तुझ्या घरी उतरणार म्हणाला. ज्यांचं लुबाडलं त्यांना चौपट परत करण्याचं जक्कय आपणहून बोलला. माझी चौपटीची ऐपत नव्हती. वहीवरून ज्याचे त्याचे जास्तीचे पैसे काढले आणि संध्याकाळी गिरणी बंद झाली की सायकल घेऊन निघालो. विंझर, साखर, गुंजवणे ही गावं केली. साखरच्या एका म्हातारीचे अकरा रुपये निघत होते. तिने ते पदराच्या गाठीला बांधले आणि काही न बोलता चहाचं आधण ठेवलं. दुसऱ्या एकाने तोंडावर सांगितलं, ‘म्हणजे तू आम्हाला लुबाडतच होतास.’ तो पुन्हा कधी भात घेऊन आला नाही. त्याचं मला आजही वाईट वाटतं, पण त्याला दोष देता येत नाही.

तेव्हापासून मी एक पाळतो. एकाचं भात भरडून झालं की मशीनच्या पोटात थोडे तांदूळ राहतात. ते गिरणीवाल्याचे, अशीच रीत आहे. मी झाकण काढून कुंचा फिरवतो आणि निघेल ते ज्याच्या त्याच्या पोत्यात टाकतो. त्याचा इंद्रायणी तांदूळ त्याच्याच घरी जातो. यात वेळ जातो, मागचा माणूस कुरकुरतो, तरी मी ते सोडलेलं नाही.

आपल्या माणसांनी विश्वास असा हाताने दाखवलेला आहे. लक्ष्मीबाई टिळकांचे पती 1895 मध्ये ख्रिस्ती झाले, बाईंनी बाप्तिस्मा घेतला तो 1900 मध्ये. पण ‘स्मृतिचित्रे’ वाचशील तर कळेल, त्यांचा पालट त्याच्या आधीच, खाण्यापिण्याच्या सोवळ्यापाशी झाला होता. पिढ्यान्‌पिढ्यांची शिवाशिव मनातून काढून टाकणं त्या काळी सोपं नव्हतं. आणि केडगाव तर आपल्या जिल्ह्यातच आहे. पंडिता रमाबाईंनी 1896-97 च्या दुष्काळात उपाशी मुली, बायका आणून तिथे मुक्ती मिशनमध्ये वाढवल्या. पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या बायकांना कळेल अशा मराठीत शास्त्राचं भाषांतर केलं, आणि ते छापलं मुक्तीतल्याच बायकांनी. दुष्काळात ज्यांना कुणी विचारत नव्हतं, त्यांना पुढे रमाबाईंच्या छापखान्यात खिळे जुळवण्याचं काम मिळालं. मला विश्वास म्हटलं की तो छापखाना आठवतो.

हे वाचून कंपनीत कुणाला उपदेश करायला जाऊ नकोस. जे खोट्या सह्या करतात त्यांच्याही घरी म्हातारे आईबाप आहेत, डोक्यावर हप्ते आहेत. त्यांची चुगली करायची नाही आणि त्यांच्याहून आपण वरचढ आहोत असं मनातही आणायचं नाही. तू फक्त तुझ्या सहीबद्दल बोल. साहेब एकटे असतील तेव्हा जा, त्या दोन नोंदींच्या तारखा कागदावर लिहून ने, ‘या माझ्या हातून चुकीच्या झाल्या, दुरुस्त करायच्या आहेत’ एवढं सांग. आवाज चढवू नकोस. आणि यापुढे माल मोजल्याशिवाय सही करू नकोस.

यात नोकरी जाऊ शकते, हे मला कळतं. तुझ्या आईलाही मी तसं सांगून ठेवलं आहे. वाट बघत बसू नकोस, सोमवारीच जा. काही झालं तर पिशवी उचलून सरळ मार्गासनीला ये. सध्या सुगी आहे, गिरणीवर माणूस हवाच आहे.

तुझा,
मामा