जुने पेन चमकवण्याआधी

घरात आजोबांचे शाईचे पेन सापडले की ते पट्ट्याच्या बकलासारखे ब्रासोने घासावेसे वाटते. थांबा. आधी ते कशाचे आहे ते ओळखा. अंगठ्याने जोरात चोळून लगेच वास घ्या. गंधकाचा वास आला तर एबोनाइट, कापराचा आला तर सेल्युलॉइड. १९४१ साली बाजारात आलेले पार्कर ५१ अ‍ॅक्रिलिकचे. त्याला असा वास नाही.

एबोनाइट पाण्यात भिजत ठेवू नका. काळा रंग तपकिरी-हिरवट पडतो आणि तो धुऊन परत येत नाही. सेल्युलॉइड ज्वालाग्राही, शिवाय स्पिरिटने विरघळते.

दांडीवर कोरलेली अक्षरे केसाइतकीच खोल असतात. पेन कोणाचे, कुठले, हे तीच सांगतात. त्यांच्यावर कागदी चिकटपट्टी लावा. मग मऊ सुती कापडावर प्लॅस्टिकचे पॉलिश थेंबभर घेऊन हलक्या हाताने अर्धा मिनिट चोळा, पुसा, उजेडात पाहा. वरवरचे ओरखडे जातात. खोल चरा राहू द्या. तो घालवायचा तर आजूबाजूची दांडीही झिजवावी लागते. क्लिपवरचा सोन्याचा मुलामा अतिशय पातळ. तिथे नुसते कोरडे कापड.