गमबूट, मच्छरदाणी आणि चार पैसे जास्त



१५ मे रोजी आपण शेतकऱ्यांचे आश्रयदाते संत इसिदोर यांचा सण साजरा करतो आणि पुढे तीन आठवड्यांत मृग लागतो. या मधल्या दिवसांत बाजाराच्या वारी आपली माणसे खरेदीला बाहेर पडतात. बियाण्याच्या पिशवीसाठी चार दुकाने फिरतात, पाच जणांना विचारतात आणि माल खात्रीचा असला तर दोन पैसे जास्त देतात. मात्र स्वतःच्या पायात घालावयाची वस्तू घ्यायची वेळ आली की तीच माणसे दुकानदाराला सांगतात, "त्यातल्या त्यात स्वस्त दाखव." या दुसऱ्या खरेदीविषयी आज आम्हाला लिहावयाचे आहे.

काही वर्षांपूर्वी आपल्या धर्मग्रामातील एक बंधू संध्याकाळी भाताला पाणी लावायला गेले असता बांधावर घोणस चावली. इस्पितळात वेळेवर पोहोचले म्हणून जीव वाचला. परंतु घोणशीचे विष मूत्रपिंडावर जाते. त्यांना कित्येक दिवस डायलिसिसवर ठेवावे लागले. घरची बैलजोडी गेली, डोक्यावर कर्ज झाले. आम्ही भेटायला गेलो तेव्हा त्यांच्या पडवीत आढ्याला गमबुटांचा एक जोड टांगलेला दिसला. विचारले तर म्हणाले, "फादर, आठ दिवसांत टाच सोलवटली आणि तळाला चीर गेली. आत पाणी भरायचे. मग टांगून ठेवला."

ही गोष्ट आमच्या मनातून जात नाही. स्वस्त वस्तू लवकर फाटते एवढेच आपण समजतो. तसे नव्हे. स्वस्त वस्तू पुष्कळदा वापरलीच जात नाही. ती टोचते, गळते, घसरते, म्हणून कोपऱ्यात पडते आणि माणूस पुन्हा अनवाणी शेतात जातो. पैसे तर गेलेच, आणि पाय उघडा तो उघडाच राहिला.

सर्पदंशाने आपल्या देशात किती माणसे जातात याचा एक मोठा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. २००० ते २०१९ या वीस वर्षांत सुमारे बारा लाख, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार मृत्यू, असा त्याचा अंदाज आहे. बहुतेक मृत्यू खेड्यांतले, आणि निम्मे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले. हेच आपल्या लावणीचे, भांगलणीचे आणि गवत कापण्याचे दिवस. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार जातींचा यात मोठा वाटा आहे. शेतात दंश होतो तो बहुधा पावलाला किंवा घोट्याच्या आसपास, जेथे चांगला गमबूट झाकतो तेथेच.

आता गमबूट कसा पाहावा? उंची गुडघ्याखाली चार बोटांपर्यंत हवी. घोट्यापर्यंतचा आखूड बूट पावसाच्या चिखलापुरता ठीक, सापासाठी नव्हे. घोट्याजवळ हाताने वाकवून पाहावा. वाकवल्या जागी पांढरी रेघ उमटून राहिली तर माल हलका, तेथेच तो पहिल्या पावसाळ्यात चिरतो. तळ जाड आणि खोल खाचांचा असावा, नाहीतर ओल्या बांधावर घसरतो. आतून कापडी अस्तर असलेला घ्यावा. माप संध्याकाळी द्यावे, कारण दिवसभराच्या कामाने पाय थोडा फुगलेला असतो. आणि मोजा घालूनच द्यावे. टाच सोलवटते ती बहुधा मोजा नसल्यामुळे. रोज संध्याकाळी बूट धुऊन उलटा टांगावा, उन्हात वाळत टाकू नये. सकाळी घालण्याआधी झटकावा. विंचवाला अशी अंधारी जागा फार आवडते.

हिशेबही करून पाहा. किमती गावोगावी वेगळ्या असतात, पण समजा स्वस्त जोड ३०० रुपयांना मिळाला आणि एका पावसाळ्यात गेला. चांगला ९०० रुपयांचा घेतला आणि चार पावसाळे टिकला. पहिल्याला वर्षाला ३०० पडले, दुसऱ्याला २२५. इस्पितळाचा खर्च यात आम्ही धरलेलाच नाही.

काही बंधू म्हणतील, फादरांना चिखलणीचे काय माहीत? आम्ही शेतकऱ्याच्याच घरचे आहोत. गुडघाभर चिखलात गमबूट रुतून बसतो आणि पाय तेवढा वर येतो, हे आम्हालाही ठाऊक आहे. चिखलणी आणि लावणी अनवाणीच होणार. पण बांधावरून जाणे, रात्री पाणी पाहणे, गवत आणि ऊस कापणे, काजूबागेतील पालापाचोळ्यात फिरणे, ही कामे बुटानेच करावीत. चिखलात उतरताना पायावर जखम किंवा भेग असल्यास ती जलरोधक पट्टीने झाकावी आणि काम संपताच पाय साबणाने धुवावेत. उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू साचलेल्या पाण्यात येतात आणि अशा जखमेतून शरीरात शिरतात. त्यानंतर बहुधा एक-दोन आठवड्यांत ताप येतो, पोटऱ्या दुखतात, डोळे लाल होतात. अशा वेळी डॉक्टरांना "मी चिखलात काम केले आहे" हे आपण होऊन सांगावे. लवकर औषध सुरू झाले तर हा आजार बरा होतो. अंगावर काढला तर मूत्रपिंड आणि यकृत बिघडते.

दुसरी वस्तू मच्छरदाणी. हिला आपण डासांपुरतीच समजतो. परंतु मण्यार रात्री घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंश दुखत नाही, खूण धड दिसत नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होऊन मिटू लागतात, आणि घरच्यांना वाटते की रात्रीचे जेवण बाधले. मच्छरदाणी चारी बाजूंनी अंथरुणाखाली नीट खोचलेली असेल तर ही मण्यार आत येत नाही. म्हणून ती खोचता येईल एवढी मोठी हवी. स्वस्त जाळी येथेच फसवते: कापड वाचवण्यासाठी आखूड शिवलेली असते, कूस बदलली की बाहेर निघते. काठाला जाड कापडाची पट्टी असलेली, एका चौरस इंचात १५६ किंवा त्याहून अधिक छिद्रे असलेली घ्यावी. खाट घेता आली तर आणखी चांगले.

बॅटरीचेही तेच. बांधावर चालताना पुढची पाच पावले स्वच्छ दिसतील असा उजेड हवा. मोबाइलच्या दिव्यावर रात्री पाणी पाहायला जाऊ नये.

विळा मात्र महाग दुकानातून घेण्याची गरज नाही. आपल्या लोहाराकडून गाडीच्या पाट्याच्या पोलादाचा घडवून घेतलेला विळा बाजारातल्या पत्र्याच्या विळ्यापेक्षा कितीतरी दिवस धार धरतो. बोथट विळ्याला जोर लावावा लागतो, जोर लावला की तो निसटतो आणि डाव्या हाताची बोटे कापतात. मूठ हलत नाही ना, एवढे पाहून घ्यावे. मोटारसायकलवर बाजाराला जाणाऱ्यांनी हेल्मेटवर आय.एस.आय. चिन्ह पाहावे, २०२१ सालच्या जूनपासून त्याशिवाय दुचाकीचे हेल्मेट विकणे कायद्याने बंद आहे, तरी रस्त्याच्या कडेला तसली टोपली अजून मिळतात.

सगळेच महाग ते चांगले, असेही कोणी समजू नये. जुलाबात द्यावयाची ओ.आर.एस.ची साधी पुडी, जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची, हीच खरी. गोड रसाचे महाग डबे तिची जागा घेत नाहीत. जनऔषधी केंद्रातील तापाची गोळी मोठ्या नावाच्या गोळीइतकेच काम करते. हात धुवायला कोणताही साबण चालतो. येथे वाचलेले पैसे बुटांकडे वळवावेत.

एवढे करूनही दंश झालाच तर करकचून बांधू नये, चिरू नये, चोखू नये, मांत्रिकाकडे नेऊन वेळ घालवू नये. हात किंवा पाय हलू न देता १०८ क्रमांकाला फोन करून ज्या सरकारी इस्पितळात सर्पविषावरची लस आहे तेथे सरळ जावे.

शेवटी एक गोष्ट भगिनींविषयी. बहुतेक घरांत गमबुटांचा जोड एकच असतो आणि तो कारभाऱ्याच्या मापाचा. लावणी, भांगलण आणि गवताचा भारा बहुतेक बायकांकडे, आणि दुकानात विचारले तर लहान माप नसते. रविवारी मिस्सेला येताना पायात सुंदर सँडल, सोमवारी बांधावर अनवाणी, असे आम्ही दर पावसाळ्यात पाहतो. बाजारातील एका दुकानदाराशी आम्ही बोललो आहोत. दहा जोडांची मागणी झाली तर चार आणि पाच नंबरचे चांगले बूट मागवून देईन, असे ते म्हणाले. संध्याकाळी मोजा घालून कागदावर उभे राहावे, पेन्सिलीने पायाची रेघ ओढावी, वर नाव लिहावे आणि तो कागद मेच्या शेवटच्या रविवारी मिस्सेनंतर आमच्याकडे द्यावा. ज्यांना एकरकमी पैसे देणे जमणार नाही त्यांनी तसे आम्हाला एकांतात सांगावे.