मशीनचा ठेका आणि संगणकाचे घड्याळ

रेकॉर्डिंग स्टुडिओ हा आता केवळ बड्या भांडवलदारांचा धंदा राहिलेला नाही. एक संगणक, एक ऑडिओ इंटरफेस, एक कीबोर्ड आणि एक रिदम मशीन एवढ्या सामानावर, एका खोलीत गीते, कव्वाल्या आणि जाहिराती ध्वनिमुद्रित करून पोट भरणारे कितीतरी होतकरू तरुण आज आपल्या मोहल्ल्यामोहल्ल्यांतून दिसतात. त्यांची एकच तक्रार आमच्या कानावर वारंवार येते. मशीनचा ठेका आणि संगणकातील गाणे एकत्र राहत नाहीत. दुकानदाराला विचारावे, तर तो महागातले नवे इंटरफेस दाखवतो. ते घेतले तरी ठेका सरकतोच. मग गायकाला दुसऱ्यांदा बोलावण्याचा खर्च आणि गिऱ्हाइकाची नाराजी, दोन्ही स्टुडिओवाल्याच्या पदरी पडतात. तेव्हा गल्ल्यातून पैसा काढण्यापूर्वी रोग कोणता हे ओळखावे, एवढ्याचसाठी हा लेख.

मूळ गोष्ट अशी की स्टुडिओत दोन निरनिराळी घड्याळे चालतात आणि लोक त्यांना एकच समजतात. पहिले घड्याळ लयीचे. ते मिडी केबलमधून जाते आणि एका मात्रेत २४ ठोके देते. मिनिटाला १२० मात्रांची लय असेल, तर दर २१ मिलिसेकंदांच्या आसपास एक ठोका पडतो. दुसरे घड्याळ ध्वनीच्या नमुन्यांचे. ते इंटरफेसच्या पोटात असते आणि सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० वेळा आवाजाचे माप घेते. पहिल्याला गाण्याची मात्रा कळते, आवाज कळत नाही. दुसऱ्याला आवाज कळतो, मात्रा कळत नाही. एकाचे औषध दुसऱ्याला दिले की पैसा वाया जातो.

मिडी येण्यापूर्वी प्रत्येक कंपनीचे माप वेगळे होते. रोलंडची यंत्रे मात्रेला २४ ठोके मोजत आणि कॉर्गची ४८. रोलंडच्या मागे कॉर्ग जोडले की ते निम्म्या लयीत चाले. अमेरिकेचे डेव्ह स्मिथ आणि जपानचे रोलंडचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांनी पुढाकार घेतला आणि जानेवारी १९८३ मध्ये नॅमच्या प्रदर्शनात दोन वेगळ्या कंपन्यांची वाद्ये एका केबलने जोडून वाजवून दाखवण्यात आली. एकमेकांचे प्रतिस्पर्धी असलेल्या व्यापाऱ्यांनी सामाईक माप मान्य केले आणि सर्वांचाच बाजार वाढला. या कामाबद्दल दोघांना २०१३ मध्ये टेक्निकल ग्रॅमी मिळाले.

आता रोगाची परीक्षा. सॉफ्टवेअरचा मेट्रोनोम चालू करावा, मशीनवर साधा एक ठोका लावावा आणि पाच मिनिटे दोन्ही वेगवेगळ्या ट्रॅकवर रेकॉर्ड करावेत. मग पडदा मोठा करून पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या ठोक्याचे अंतर पाहावे.

अंतर सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखेच असेल, तर तो केवळ उशीर आहे. घड्याळ बिघडलेले नाही. संगणक आवाज लहान गठ्ठ्यांत घेतो. २५६ नमुन्यांचा बफर असेल, तर ४४,१०० च्या मापाने सुमारे ६ मिलिसेकंद जातात आणि १,०२४ चा असेल तर २३. आत येताना एकदा आणि बाहेर जाताना पुन्हा एकदा. याला नवे यंत्र लागत नाही. इंटरफेसचे आउटपुट त्याच्याच इनपुटला केबलने जोडावे, एक टिक रेकॉर्ड करावी आणि ती किती नमुने मागे पडली ते मोजावे. ४४१ नमुने म्हणजे बरोबर १० मिलिसेकंद. तो आकडा सॉफ्टवेअरच्या रेकॉर्डिंग ऑफसेटमध्ये भरला की काम झाले. मशीन स्वतःच थोडे मागे वाजत असेल, तर मिडी क्लॉक तेवढे आधी पाठवण्याची सोय बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये असते.

अंतर हळूहळू वाढत जात असेल, तर दोन यंत्रे आपापल्या घड्याळावर चालली आहेत. कापडाच्या व्यापाऱ्याला हे लगेच उमजेल. दोन गजांत केसाएवढा फरक असला, तर एका मीटरला तो दिसत नाही. ठाण मोजले की कापड कमी भरते. दोन घड्याळांत दहा लाखांत पन्नासाचा फरक असला, तर पाच मिनिटांत १५ मिलिसेकंद सरकतात आणि तासाभराच्या मैफलीत १८०. दोन्हीकडे १२० चा आकडा लावून एकदम बटण दाबणारे येथेच फसतात. मशीनच्या मेनूत क्लॉक ‘इंटरनल’ असेल तर ते ‘एक्स्टर्नल’ किंवा ‘मिडी’ करावे. संगणकाला मास्टर ठेवावे आणि मशीनने त्याच्या मागे चालावे. उलट केले तर संगणकाची लय मशीनच्या ठोक्यांमागे डुगडुगते, असा सर्वसाधारण अनुभव आहे. मैफलीत ठेका एकाच्याच हाती असावा लागतो. दोघेही मास्टर झाले की लय झटके खाते.

वाढते अंतर दोन इंटरफेसमध्ये किंवा इंटरफेस आणि वेगळा रेकॉर्डर यांच्यात असेल, तर मिडीचा उपयोग नाही. तेथे नमुन्यांचे घड्याळ एक करावे लागते, वर्ड क्लॉकच्या केबलने किंवा एसपीडीआयएफ, एडॅट यांसारख्या डिजिटल जोडणीने. एक इंटरनल, बाकी सारे एक्स्टर्नल. हे चुकले तर आवाजात अधूनमधून चटचट येते आणि लोक केबलला दोष देत बसतात. ४४,१०० वर केलेले पाच मिनिटांचे गाणे ४८,००० वर वाजले, तर ते ४ मिनिटे ३६ सेकंदांत संपते आणि गायकाचा सूर जवळजवळ दीड अर्धस्वरांतराने चढतो. दुसऱ्या स्टुडिओतून काम आले की प्रथम हा आकडा विचारावा.

अंतर कधी पुढे, कधी मागे, असे थरथरत असेल, तर वाटेत गर्दी आहे. मिडीची जुनी केबल सेकंदाला ३१,२५० बिट वाहते. एक सूर पाठवायला जवळपास १ मिलिसेकंद लागतो, म्हणजे दहा सुरांच्या झुपक्यातला शेवटचा १० मिलिसेकंद मागे राहू शकतो. क्लॉकसाठी वेगळे पोर्ट द्यावे, यूएसबीचा स्वस्त हब काढावा आणि मशीन थेट संगणकाला लावावे. एवढे करूनही थरथर राहिली, तर आमच्या मते भांडत बसू नये. मशीनचा प्रत्येक ठोका वेगवेगळा रेकॉर्ड करून सॉफ्टवेअरमध्ये जागेवर बसवावा. २०१६ पासून एबल्टनची लिंक ही पद्धतही आहे. ती नेटवर्कवरून लय जुळवते, पण दोन्हीकडचे सॉफ्टवेअर ती ओळखणारे हवे.

डाग देता येणाऱ्या कारागीर बंधूंना येथे थोडे कामही आहे. पाच पिनांच्या डिन प्लगची मिडी केबल घरी बनते. पिन ४ ला ४, पिन ५ ला ५, आणि पिन २ ला जाळीची तार. लांबी १५ मीटरच्या आत ठेवावी. जुन्या रोलंड यंत्रांच्या डिन सिंकचा प्लग दिसायला हाच, पण त्यात चालू-बंद पिन १ वर आणि ठोका पिन ३ वर येतो. साध्या मिडी केबलमध्ये या दोन पिना रिकाम्या असू शकतात. प्लग नीट बसतो, मशीन मात्र हलत नाही, आणि गिऱ्हाईक ते बिघडले म्हणून दुरुस्तीला आणते. अशा कामासाठी पाचही पिना जोडलेली एक केबल वेगळी बनवावी आणि तिच्यावर रंगीत पट्टी चिकटवून ठेवावी.