जर्मेनियमला माळव्याचा मे सोसत नाही

धारच्या थंडीत स्ट्रिपबोर्डवर बांधलेलं माझं गिटारचं फझ पेडल भरदार वाजत होतं. मे महिन्यात मोहनखेड्याजवळ, राजगढला, भरदुपारच्या एका कार्यक्रमात त्याच पेडलनं मान टाकली. पत्र्याच्या मांडवाखाली सूर फाटत होता आणि तार अजून कंप पावत असतानाच आवाज बंद पडत होता. बॅटरी, वायरी, जोड सगळं शाबूत होतं. रात्री हवा गार झाली आणि पेडल पुन्हा पहिल्यासारखं वाजू लागलं. हा दोष उष्णतेचा. जुन्या धाटणीचं पेडल बांधायला घेण्याआधी तो प्रत्येकानं समजून घ्यावा.

या पेडलचा नमुना म्हणजे लंडनच्या आर्बिटर कंपनीनं १९६६ मध्ये काढलेलं आणि जिमी हेंड्रिक्सनं जगभर पोहोचवलेलं ‘फझ फेस’. त्यात दोन जर्मेनियम ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर आणि दोन पॉट, एवढाच ऐवज. भाग इतके कमी असल्यामुळे प्रत्येकाचा गुणदोष थेट आवाजात उतरतो.

जर्मेनियम ट्रान्झिस्टरमधून बेसला काही न देताही थोडा प्रवाह वाहत राहतो. ही त्याची गळती. तापमान दहा अंशांनी वाढलं, की ती ढोबळमानानं दुप्पट होते. माळव्यात जानेवारीची संध्याकाळ १५ अंशांची आणि मे महिन्याची दुपार ४० अंशांच्या वर. म्हणजे गळती सहज पाच-सहा पट होते. पहिल्या ट्रान्झिस्टरला ३३ किलोओहमच्या रेझिस्टरमधून फार तर पाव मिलिअँपिअर प्रवाह मिळतो. हिवाळ्यात ५० मायक्रोअँपिअर असलेली गळती उन्हाळ्यात तो सगळा गिळून टाकते. मग दुसऱ्या ट्रान्झिस्टरचा तोल जातो आणि सूर गुदमरतो.

म्हणून सोल्डरिंग आयर्न तापवण्याआधी ट्रान्झिस्टर मोजा. आपल्याकडे जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओंमध्ये एसी १२८ हा पीएनपी ट्रान्झिस्टर असायचा. भंगारात तो अजून सापडतो. मल्टिमीटरच्या एचएफई खोबणीवर विसंबू नका, कारण ती गळतीही गेनमध्ये (प्रवाह किती पट वाढतो त्या आकड्यात) मिळवून दाखवते. त्याऐवजी एमिटर ९ व्होल्टच्या बॅटरीच्या धन टोकाला जोडा. कलेक्टर २.४७ किलोओहममधून (२.२ किलो आणि २७० ओहम एकसर जोडून) ऋण टोकाला न्या. बेस मोकळा ठेवून त्या रेझिस्टरवरचा व्होल्टेज वाचा. पाव व्होल्ट दिसला, तर गळती सुमारे १०० मायक्रोअँपिअर. आता बेस २.२ मेगाओहममधून ऋण टोकाला जोडा. नव्या आकड्यातून आधीचा वजा करून शंभरानं गुणा, म्हणजे खरा गेन मिळेल. पहिल्या जागी ७० ते ८० आणि दुसऱ्या जागी ११० ते १३० गेनचा ट्रान्झिस्टर चांगला. मोजताना ट्रान्झिस्टर चिमटीत धरू नका. बोटांच्या उबेनंही आकडा चढतो. काही मिनिटं थांबून, आकडा स्थिरावला की लिहून घ्या आणि शेजारी खोलीचं तापमानही लिहा. हिवाळ्यातच ५० मायक्रोअँपिअरच्या वर गळणारा ट्रान्झिस्टर पहिल्या जागी घालू नका.

रेझिस्टर, पॉट, बोर्ड हे सामान इंदूरच्या महारानी रोडवर, पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळेल. स्ट्रिपबोर्डला बरेच दुकानदार व्हेरोबोर्ड म्हणतात. त्याची भोकं २.५४ मिलिमीटर अंतरावर असतात. तांब्याची पट्टी तोडायची तिथे ३ ते ४ मिलिमीटरचं ड्रिल बिट हातानं फिरवा आणि तांब्याचा कीस ब्रशनं झाडून काढा. केसाएवढा कण दोन पट्ट्या जोडतो आणि दिवसभर दोष सापडत नाही. बॅटरी लावण्याआधी शेजारशेजारच्या पट्ट्यांमध्ये मल्टिमीटर वाजत नाही ना, हे तपासा. ट्रान्झिस्टर थेट बोर्डावर न जोडता सॉकेटमध्ये बसवा. आयर्नचा चटका त्याला लागत नाही आणि पुढे बदलणंही सोपं जातं.

या सर्किटमध्ये बॅटरीचं धन टोक ग्राउंडला जातं. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उलटे लागणार नाहीत, हे पाहा. इतर पेडलच्या अॅडॅप्टरवर हे पेडल कधीही जोडू नका, थेट शॉर्ट होईल. त्याला स्वतःची बॅटरी द्या.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवरचा ८.२ किलोओहमचा रेझिस्टर पक्का लावू नका. तिथे २० किलोओहमचा पॉट घाला आणि त्याची मूठ डब्याच्या बाहेर काढा. कलेक्टर आणि ग्राउंड यांच्यात साडेचार व्होल्टच्या आसपास आकडा येईल असा तो फिरवा. ऊन चढलं की पुन्हा मोजा आणि पुन्हा जुळवा.

भर उन्हाळ्यात उघड्यावर वाजवायचं असेल, तर बीसी १०८ सारखे सिलिकॉन ट्रान्झिस्टर घेऊन एनपीएन पद्धतीचं वेगळं पेडल बांधा. ‘फझ फेस’ही साठचं दशक संपेपर्यंत सिलिकॉनवर गेलंच होतं. सिलिकॉनचा आवाज अधिक धारदार असतो, पण त्याची गळती नगण्य.

धार, देवास, इंदूरकडच्या तरुण वादकांना एवढंच सांगणं आहे. जर्मेनियमचा गोडवा हवा असेल तर तो जरूर घ्या, पण थंडीत बांधलेलं पेडल मे महिन्याच्या दुपारी तपासल्याशिवाय मंचावर नेऊ नका.